तार्वीच्या गोळ्या

‘पाण्यातल्या लेकरा, वर ये रे वर,
माझ्या मुठीतला घास तोंडात धर.’

फोर्तुनाताबाईंचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्यावरचा रंगही पुरता वाळला नव्हता. मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी हातयंत्र आहे, माशांच्या खाद्याच्या गोळ्या पाडणारं. आता कोपऱ्यात गंजत पडलोय. हुलियाका शहरातल्या एका लोहाराने मला घडवलं, आणि ट्रकच्या टपावर बसून मी तितिकाका सरोवराच्या काठी, बाईंच्या पडवीत आलो.

पडवीसमोर पाण्यात जाळीचे पिंजरे तरंगत. त्यांत ट्राउट मासे. सुकटीचं पीठ, थोडा कोंडा, थोडं तेल असं मळून बाई माझ्या तोंडात भरत आणि दांडा फिरवत. सोऱ्यातून शेव पडावी तशा गोळ्या पडत. पाच घरांचे मासे त्यांवर वाढले. ‘फोर्तुनाताच्या हातचं खाल्लं की मासासुद्धा हसतो,’ असं म्हातारे एउलोहिओ म्हणत. त्यातलं निम्मं कौतुक मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेई.

एका वर्षी बाईंच्या शेतात तार्वी उदंड पिकली. हे मोठं कडू कडधान्य. वाहत्या ओढ्यात आठ दिवस भिजत ठेवल्याशिवाय तोंडात घालवत नाही. पीठ चाळताना बाई पुटपुटल्या, ‘गरिबाचं मटण आहे हे. माझी चार पोरं यावर दांडगी झाली, माशांना काय धाड भरलीय?’ सुकट त्यांनी वासापुरती मूठभर ठेवली, बाकी सगळं तार्वीचं पीठ. कुणाला सांगितलं नाही. मासे टपोरे झाले की सगळ्यांना चकित करायचं होतं.

आणि खरं सांगतो, त्या गोळ्या पूर्वीपेक्षा देखण्या पडल्या. मला त्यांचा अभिमान वाटला. तीच आठवण आज सर्वांत जास्त टोचते.

काही महिन्यांत मासे खुरटले. मग त्यांच्या डोळ्यांवर साय धरली. बाई गाणं म्हणत मूठ उघडत, घास शेजारून बुडून जाई, आणि माशाला दिसत नसे.

पुनो शहरातून मत्स्यतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी एक मासा चिरून पाहिला. ‘प्रथिन म्हणजे तुमच्या मागावरचं कापड समजा,’ त्या म्हणाल्या. ‘खूप रंगांचे धागे लागतात. एक जरी संपला, तरी बाकीच्यांचा ढीग असून विणकाम तिथंच थांबतं. कडधान्यात मेथिओनिन नावाचा धागा फार तुटपुंजा. तो कमी पडला की ट्राउटला मोतीबिंदू होतो. सुकट कमी केलीत का?’

‘नाही हो. तीच सुकट, तितकीच,’ फोर्तुनाताबाई म्हणाल्या.

माझ्या घशात तार्वीचं पीठ तेव्हाही चिकटलेलं होतं. पण लोखंडाला वाचा कुठली!

‘मग पाणी तपासावं लागेल,’ म्हणत त्या बाटल्या भरून गेल्या.

तपासणीची वाट कोण बघतो? रविवारी पडवीत सभा भरली. कोकाची पानं चघळत सगळे निकासिओवर तुटून पडले. शेजारच्याच पिंजऱ्यांचा मालक, शहरातून तयार खाद्याची पोती आणणारा.

‘तुझ्याच माशांचे डोळे बरे चकचकीत रे?’

‘जाळ्यांची घाण धुतो आमच्या पिंजऱ्यांच्या तोंडावर, आणि वर साळसूद!’

‘उचला याचे पिंजरे!’

पिंजरे गेले तर निकासिओच्या घरात चूल पेटणार नव्हती. तो हातातली टोपी पिळत राहिला. फोर्तुनाताबाई त्याच्या लेकीची धर्ममाता. त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, ‘जाळी मी पलीकडं धुतो. पण ताई म्हणतात खाद्य तेच होतं, आणि ताई खोटं बोलायच्या नाहीत. मग माझ्याच पाण्याचा दोष असेल. नेतो मी पिंजरे.’

मित्रांनो, मुक्या जिवाला तुम्ही घालाल तेच खावं लागतं. मायेनं भरवलं म्हणून ते पुरेसं असतंच असं नाही. आधी जाणत्याला विचारा. आणि चुकलात, तर वेळेवर बोला. उशीर केला की आपली चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते.

फोर्तुनाताबाई माझ्या दांड्याला धरून उठल्या.

‘निकासिओ, खाली बस,’ त्या म्हणाल्या. ‘पिंजरे उचलायचे तर माझे उचला. सुकट मी काढली. तार्वी घातली. पुनोच्या बाईंनी विचारलं तेव्हा तोंडावर खोटं बोलले. मासे मी आंधळे केले.’