अर्धी लस

शेजारच्या वस्तीवर लाळ्या-खुरकूत आला होता. आमच्या वाडीला मिळालेली लस निम्म्याच शेळ्यामेंढ्यांना पुरणार होती, आणि सेनगावहून आणलेल्या डब्यातला बर्फ वितळत होता. मी देवपूजा आटोपून बाहेर आले, तर आमचे मालक सुई भरून उभे.

"अर्धी अर्धी देऊ. कुणाचं जनावर लसीबिगर न्हाई राहायचं."

"बाबा, अर्धी देऊ नका!" सत्यशीला धावत आली. आमची ही लेक नांदेडला शिकते. रोगाचा विषाणू शरीराच्या पहाऱ्याला कसा चकवतो, याचं गणित मांडते. तिनं काडीनं मातीत टेकडी काढली. "उंची म्हंजे रोगानं रूप बदलायचा धोका. ह्या पायथ्याला लसच न्हाई. रोग सहज घुसतो, त्याला रूप बदलायची गरज न्हाई. त्या पायथ्याला पुरी लस. रोगाला वाढायलाच जागा न्हाई. अर्धवट लस म्हंजे हा माथा. रोग मरत न्हाई, रूप बदललेला तेवढा टिकतो. मग पुरी लस घेतलेलं जनावरबी त्याला ओळखत न्हाई."

शेजारचे शिवहार हसले. "पोरगी मातीत शेळ्या चारून राहिली!"

"गणित चुकूबी शकतं, काका. पण न्हाई चुकलं तर?"

भिकाबाई पुढं आली. एकटी बाई, तीन शेळ्यांवर तिचं पोट. "म्हंजी माझ्या मेल्या तरी चालतील, व्हय गं?"



"सांग की, शीले," मालक म्हणाले, "कुणाची सोडू?" त्यांनी एक शेळी गुडघ्यात दाबली, सुई कातडीला टेकवली.

चारचौघांत मी बोलत नाही. तरी बोलले, "अवो, थांबा. प्रसाद वाटून घ्यावा. पण माझा उपास अर्धा तुमी धरला, अर्धा मी, तर दोघांचाबी मोडतो."

त्यांचा हात थांबला. त्यांनी ती शेळी सोडून दिली.

"भिकाबाई, आण तुझ्या."

तिच्या शेळ्यांना पुरी लस दिली. मग शिवहारांच्या, मग बाकीच्यांच्या. बाटली रिकामी झाली तेव्हा आमचाच कळप, वाडीतली निम्मी जनावरं, तेवढा उरला होता. मालकांनी मेंढ्या कोंडायच्या वाडग्याचं दार उघडलं.

"काहून सोडता?" शिवहार ओरडले.

"तुमच्यात मिसळायला नगं. माळावर ठेवतो."

शीला मागं मागं निघाली. मीही.

"शीले, आपल्यात रोग आला, तर तुझी टेकडी खोटी म्हणायची?"

"न्हाई बाबा." ती म्हणाली. "आला तरी ती बराबरच असंल. आपली जनावरं बिनलसीच्या पायथ्याला हायेत."

त्यांनी वळून पाहिलं नाही. पाण्याचा सामाईक हौद टाळून त्यांनी मेंढ्या माळाकडे वळवल्या.