द्राक्षांच्या घरात बोरं

जानेवारी लागला की आक्काताईंच्या घरी दुपारसुद्धा गोड व्हायची. कुंडलच्या शिवारात दोन एकर बाग, मांडवाखाली हिरवी सावली, डोक्यावर लोंबणारे घड. त्या सावलीत बसलेला माणूस पाच मिनिटांत पेंगायला लागे. खरेदीला आलेला व्यापारीही आधी जांभई देई आणि मग भाव बोले. आक्काताईंना याचा कोण अभिमान! जगात फळ एकच आणि ते आपल्या मांडवाला लागतं, असं त्यांचं साधं सरळ मत होतं.

आणि नेमकी त्यांचीच सून द्राक्षं खाईना.

राणी म्हसवडकडची, मेंढपाळांच्या घरातली. आर्जवनं तिच्याशी लग्न केलं तेव्हा आक्काताई महिनाभर लेकाशी नीट बोलल्या नव्हत्या. पण पोरीनं कुणी न सांगता कांदा-लसूण सोडला, दिवस मावळायच्या आत जेवायची सवय लावून घेतली, आणि सासूबाईंचा राग विरघळला. दीड वर्षात तिनं एक गोष्ट मागितली नव्हती. सून असावी तर अशी, असं त्या मंदिरात चारचौघींना सांगत.

आता तिला सातवा लागला होता. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला आठी घातली होती. रक्त आठावर. गोळ्या चालू होत्या, पण पोटात अन्नच नाही तर गोळी टिकणार कशी? भाकरीचे दोन घास झाले की राणी ताट सारायची. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर दवाखान्यात ठेवून घेऊ, असं बाईंनी बजावलं होतं.  आक्काताई रोज निवडून काढलेला घड सुनेपुढं ठेवत, राणी दोन मणी तोंडात टाके आणि बाकीचे तसेच सुकून जात.

एका दुपारी मांडवाखाली चटईवर राणीला झोप लागली होती. शेजारी आक्काताई बसल्या होत्या. झोपेतच राणीनं हात उचलला, काहीतरी तोडावं तशी बोटं मिटली आणि पुटपुटली, "खालचं नगं, वरचं." मग तोंडाला आंबट लागल्यासारखे डोळे घट्ट मिटून हसली. कित्येक दिवसांत तिचं असं हसू कुणी पाहिलं नव्हतं. जागी झाल्यावर आक्काताईंनी विचारलं, तेव्हा ती ओशाळली. काही नाही, बोरीचं झाड दिसत होतं, एवढंच म्हणाली.

बोर म्हणजे या जैन घराचा उंबरा न ओलांडणारी वस्तू. खायला थोडं, टाकायला फार, आणि आत अळी कधी असेल याचा नेम नाही. जीव दाताखाली आला म्हणजे? आक्काताईंनी लग्नाआधीच महाराजांपुढं बोर न खाण्याचा नियम घेतला होता. त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाही डोळा लागला आणि त्या थेट म्हसवडच्या माळावर गेल्या. पिवळं ऊन, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, अनवाणी पाय आणि काटे मात्र टोचत नाहीत. बोरी तांबड्या फळांनी वाकलेल्या. पुढं राणी, हलकी, भरभर चालणारी. आक्काताईंनी हाक मारली, पण ती वळलीच नाही. त्यांच्या हातात बोर आलं, ओठांपर्यंत गेलं आणि त्या जाग्या झाल्या. स्वप्नात खाल्लं तर नियम मोडतो का, हे विचारायचं तरी कुणाला? पण खरी धडकी वेगळीच होती. पोरगी वळून का बघत नव्हती?

रविवारी ब्राह्मी घरी आली. आक्काताईंची ही धाकटी लेक सांगलीत आहारशास्त्र शिकत होती. आक्काताईंनी तिला कामालाच लावलं. द्राक्ष आणि बोर, दोन्ही तोलून दाखव, म्हणजे वहिनीच्या डोक्यातनं ते खूळ जाईल. निकाल आपल्याच बाजूनं लागणार याची त्यांना खात्री होती.

ब्राह्मीनं वही उघडली. द्राक्षात पाणी आणि साखर भरपूर, तरतरी लगेच येते. लोह दोन्हीकडं बेताचंच. पण शंभर ग्रॅम द्राक्षात क जीवनसत्त्व तीन-चार मिलिग्रॅम, बोरात साठ-सत्तर. आणि भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागायला तेच लागतं. "आई, द्राक्ष हरलं," ती म्हणाली. "आणि वहिनीला जे खावंसं वाटतंय, त्याच्यासोबत भाकरीही जाईल की पोटात."

आक्काताईंनी वही स्वतःकडं ओढून आकडे दोनदा वाचले. मग थोडा वेळ घडांकडं बघत बसल्या. घरातलं कुणी दगा द्यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि म्हसवडला विहिणीला लावला. तानुबाई म्हणाल्या, बोरं तर लय हायती, पण तुमच्यात चालत न्हाईत म्हणून आणली न्हाईत.

दुसऱ्याच दिवशी तानुबाई एसटीनं आल्या. गाठोडं घेऊन बागेच्या कडेच्या शेडमध्येच थांबल्या. घराकडं नेऊन विटाळ नको, असं त्यांच्या मनात. आक्काताई पाट आणि चाकू घेऊन तिथंच गेल्या. चष्मा लावून त्यांनी एकेक बोर चिरायला घेतलं. उन्हाकडं धरून आतून तपासायचं, स्वच्छ असेल तर राणीच्या हातावर ठेवायचं. अळी निघाली की ती फोड हलकेच बांधाकडेच्या गवतात ठेवून यायचं. पन्नास बोरं झाली. राणी खात होती, भाकरीचा तुकडा मोडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"इतकं मन झालं हुतं, तर सांगायचं न्हाईस व्हय?" आक्काताईंनी चाकू न थांबवता विचारलं.

"भ्या वाटलं, आत्याबाई. तुमी म्हणला असता, अजून माहेरचीच हाय."

आक्काताईंचा हात थांबला. मंदिरात चारचौघींना सांगितलेलं सगळं त्यांना आठवलं आणि लाज वाटली.

"आगं, पाव्हणी मागत न्हाई," त्या म्हणाल्या. "घरची मागती."

राणीनं पदरानं डोळे पुसले, चिरलेल्या फोडी एका बाजूला ओढल्या.

"मग आत्याबाई," ती म्हणाली, "जरा मीठ-तिखट आना की."

तानुबाईंनी जीभ चावली. आक्काताई मात्र गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि घराकडं चालू लागल्या, भरभर, सून पुन्हा झोपून त्या माळावर जायच्या आत परत यायला हवं म्हणून.