माझ्या झेडला लागलेलं पंचामृत

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या टिकल्या बघून हसू नका. मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि नटण्याची हौस मला कधीच नव्हती. माझं तरुणपण काचीगुड्याच्या एका वकिलांच्या ऑफिसात गेलं. दिवसभर अर्ज, नोटिसा आणि घटस्फोट. परक्यांची इतकी भांडणं अंगावर घेतली की माझ्या एंटरची पार रया गेली. मग वकिलांनी लॅपटॉप घेतला आणि मला नामपल्लीच्या जुन्या सामानाच्या दुकानात, एका झाकण नसलेल्या मिक्सरशेजारी नेऊन टाकलं. कायदा कोळून प्यालेल्याला असं ठेवतात का हो? पण आमचं ऐकतंय कोण.

तिथून मला हिम्मतरावांनी घरी आणलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या काचीगुड्याचे गृहस्थ. त्यांना माझी गरज का पडली, ते घरी गेल्यावर कळलं. त्यांच्या पत्नी मंगलाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. बोलायला सक्त मनाई, आणि आवाज पूर्वीसारखा येईल की नाही हे डॉक्टर नक्की सांगत नव्हते. इकडे लेक गौरी बाळंतपणाला माहेरी आलेली, नातीचं बारसं दसऱ्याला. त्या घरात पाळणा आजीनेच म्हणायचा. म्हणून मंगलाबाईंनी ऑपरेशनच्या आधीच तो मोबाइलवर म्हणून ठेवला होता. त्यात खोकला होता, रस्त्यावरचे हॉर्न होते, आणखीही बरंच काही होतं. ते सगळं काढून पाळणा लख्ख करायचं काम हिम्मतरावांनी अंगावर घेतलं.

जावई प्रथमेश पुण्याचा, नोकरी कॉम्प्युटरची, नाद गाण्यांचा. त्याने गाणी कापायचं-जोडायचं, प्रत्येक काप लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि फोनवर शिकवणी सुरू केली.

"बाबा, माउस विसरा. कंट्रोल धरून एक्स दाबलं की कापलं. कंट्रोल धरून झेड दाबलं की चूक मागे. आणि कंट्रोल सोडायचं नाही, धरूनच ठेवायचं."

"हौ, धरलं," हिम्मतराव म्हणाले, आणि एक्सऐवजी सी दाबून बसले.

लक्षात राहीना, तेव्हा त्यांनी मंगलाबाईंचं टिकल्यांचं पाकीट आणलं. एक्सवर लाल टिकली, झेडवर काळी, वाजवायच्या स्पेसबारवर हिरवी. मंगलाबाईंनी नुसता कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून गृहस्थांचा हात असा बसला की विचारू नका. खोकला गेला, हॉर्न गेले. मग त्यांना चढलीच. एके दिवशी गौरीने ऐकलं आणि ती चमकली.

"बाबा, आई दम न घेता कशी गातेय?"

"श्वासाचा आवाज येत होता. काढला मी."

मंगलाबाईंनी धापा टाकून दाखवल्या. मग काळी टिकली दाबून श्वास परत आणले गेले.

खंडेनवमीला माझा मान वाढला. घरात विळी, कात्री आणि शेजारी मी, असे पूजेला बसलो. हळदकुंकू झालं. मंगलाबाईंचं मन भरून आलं असावं, त्यांनी फुलाने माझ्यावर पंचामृतही शिंपडलं. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे मला पुसणार कोण? मध मुरत राहिला, मुंग्या जेवून गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होताच हिम्मतराव शेवटचं ऐकायला बसले. एका शब्दाचं शेपूट कापलं गेलं होतं. त्यांनी कंट्रोल धरून झेड दाबलं, आणि झेड खालीच चिकटलं. सगळे काप पटापट मागे जाऊ लागले. हिम्मतराव शिकवल्याप्रमाणे कंट्रोल इमानाने धरून बसलेले.

"बाबा, सोडा. कंट्रोल सोडा," बारशासाठी पुण्याहून आलेला प्रथमेश धावत आला. तोवर खोकला, हॉर्न, सगळं घरी परतलं होतं. हिम्मतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी बायका जमणार होत्या.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण हळदकुंकवावर थांबा. आम्हाला कोरडं फडकं पुरतं. मधाने आमचं काय होतं ते मी भोगलं आहे.

प्रथमेशने ओल्या कापसाने माझं झेड सोडवलं. "घाबरू नका बाबा. कंट्रोल आणि वाय दाबत गेलं की सगळे काप परत येतात."

"थांब," गौरी म्हणाली. "मी हे मूळचं ऐकलंच नाहीये. एकदा ऐकू दे."

तिने हिरवी टिकली दाबली. मंगलाबाई गाऊ लागल्या. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली आणि गाणं थांबवून त्याच म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना? गॅस बंद करा की. सगळं मीच बघायचं का या घरात?"

हिम्मतराव खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस बंदच होता. ते दारात येऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत त्यांना कुणी ओरडलं नव्हतं. मंगलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आवाज न करता.

गौरीने प्रथमेशचा हात माझ्यावरून बाजूला केला. "वाय दाबायचं नाही. एकदाही नाही."

संध्याकाळी बारशाला तोच पाळणा लागला. दुसरं कडवं आलं, आणि भरल्या घरात, सगळ्या बायकांच्या देखत, हिम्मतराव पुन्हा उठून गॅस बघायला गेले.