चोविसाव्या चेंडूनंतर

कृष्णेच्या पात्रावरून उठलेलं हेमंतातलं धुकं मैदानाच्या सीमारेषेपर्यंत आलं, जरासं थबकलं, आणि उन्हाच्या पहिल्या पिवळ्या रेघेपुढे विरून गेलं. दवार्द्र हिरवळ, तिच्या मधोमध गव्हाळ खेळपट्टी. आणि गोलंदाजाची धाव जिथून सुरू होते तिथे, पाठमोरी, हर्षदा खोत.

पाठमोरीच सांगायला हवी ती. तिच्या चेहऱ्यापेक्षा तिची पाठ सांगलीत जास्त प्रसिद्ध. कमरेच्या मणक्यात केसाएवढी चीर. वेगाने दिलेली, वेगाच्या हव्यासाने रुंदावलेली. ती सांधायला अकरा महिने लागले. "सामन्यात चोवीस चेंडू," फिजिओ वझेबाईंनी बजावलं होतं, "पंचविसावा नाही." चोवीस म्हणजे चार षटकं, असा हर्षदाचा हिशेब. सरळ, सोपा, आणि चुकलेला.

ती धावली. धनुष्याकृती देह, विद्युल्लतेसारखा हात, आणि हवेत लाल, लाल, लाल रेघ. मधली यष्टी उडाली. तंबूत निवडसमितीचे इनामदार सर खुर्चीत पुढे सरकले. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती.

पण त्या उन्मादात पाऊल दोनदा रेषेपलीकडे पडलं, एक चेंडू वाइड गेला. पंचांनी ते तिन्ही षटकात धरले नाहीत. मणक्याने तिन्ही धरले.

चौथं षटक निम्मं झालं, आणि तिचे चोवीस भरले. षटकाचे तीन उरले.

"ताई, बाकीचे तू टाक," ती कर्णधार अनघाला म्हणाली.

"वेड लागलंय? सर बघतायत! तीनच तर आहेत."

"चोवीस झाले."

"तुझ्या वझेबाई काय झाडामागे लपून मोजतायत?"

पंच जवळ आले. "दुखतंय का गं?"

"नाही सर. दुखू नये म्हणून."

"मग नियमात बसत नाही, बाळ. जायबंदी असशील तरच षटक सोडता येतं. टाक, नाहीतर दुखतंय म्हण."

अकरा महिने जो शब्द तिने आईपासून, आरशापासूनही दडवला, तो आता उच्चारायचा. निवडकर्त्यासमोर, आणि तोही खोटा. कारण दुखत नव्हतंच. पावलांत नुसती धावण्याची तहान होती, तप्त, तांबूस, अनावर.

"दुखतंय," हर्षदा म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, तंबूपर्यंत पोचेल असं.

इनामदार सरांनी कागदावरच्या एका नावावर आडवी रेघ ओढली आणि चहा मागवला.

अनघाने मान हलवत चेंडू घेतला. हर्षदा सीमारेषेकडे चालत गेली, तिथे वाकली, बुटाची नाडी बांधली, आणि उभी राहिली. उंच, ऋजू, एकाकी. ऊन तिच्या मानेवर टेकलं, आणि मग एकेक मणका, एकेक मणका, खाली उतरत गेलं. कुठेही न अडखळता, संथ, सोनेरी, निःशब्द.