मधली रेघ

"माणूस सोन्यासारखा आहे हो, मी कुठे नाही म्हणतोय? पण सोनं घेऊन काय सामना जिंकायचाय?" बेकरीवाला म्हणाला, आणि फळीच्या अलीकडे वहिनींच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली.

मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडखालची ती खोली रग्बी क्लबच्या कपड्यांची. भिंत म्हणायची म्हणून भिंत, एरवी नुसत्या फळ्या. पलीकडे चहाचा कट्टा. तिथे बसणाऱ्या चाहत्यांना वाटायचं, आपलं बोलणं आपल्यातच राहतं. वहिनी सव्वीस वर्षं त्या फळीच्या अलीकडे जर्सी धूत, वाळवत, इस्त्री करत आल्या होत्या, आणि क्लबातली एकही भानगड त्यांच्या कानावरून गेल्यावाचून राहिली नव्हती. आठवडाभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी आणि सुट्टीच्या दिवशी इथे पंधरा जणांचा चिखल, असा त्यांचा संसार. हेड कोच म्हणजे सगळ्यांचे दादा. दादांची बायको म्हणून या सगळ्यांच्या वहिनी.

आणि आज पलीकडे खल चालला होता तो दादांना ठेवायचं की काढायचं याचाच.

"चौदा वर्षं दिलीत त्यांनी," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "दोन करंडक आणलेत. एवढ्यात विसरलात?"

"नाही विसरलो. पण यंदा अकरातले आठ हरलो, तेही विसरत नाही. आणि गेल्या शनिवारी काय केलं? चांगल्या धडधाकट सहा नंबरला बाहेर काढलं! तो पाण्याच्या बाटल्या लाथाडत आला बाहेर. आणि नऊ नंबर, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं, चेंडू थेट समोरच्यांच्या हातात देत होता, तो दहा मिनिटं आत! शेवटी पोरगा कपडे बदलताना कोसळला ना? याला कोच म्हणायचं?"

"चुकतो माणूस कधीतरी."

"मास्तर, मी पाव जाळले तर गिऱ्हाईक परत येईल का?"

"येतं की. चौदा वर्षं मी तुमचे जळके पाव खातोच आहे."

पलीकडे हशा पिकला.  वहिनींनी मात्र इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसकण मारली. कारण ती चूक दादांची नव्हतीच. ती वहिनींची होती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादांना सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं दिसेल, कडेचं हळूहळू जाईल. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं थेंब घालून टिकवायचं. दोघं घरी आले. दारात चपला काढताना दादा म्हणाले, "हे कुणाला कळता कामा नये. उद्या मला घरी बसवतील. घरी बसून मी काय करू? भाजी निवडू?"

"निवडलीत तर हात झडणार आहेत का?" वहिनी म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

तेव्हापासून जास्तीच्या जर्सी सांभाळायच्या निमित्ताने त्या सामन्यात दादांच्या शेजारी बाकावर बसू लागल्या. तोंडासमोर टॉवेल धरायचा आणि पुटपुटायचं: डावीकडे चौदा मोकळा आहे, त्यांचा दोन लंगडतोय, आपला आठ मागे राहिला. ज्या बाईने लग्नानंतरची इतकी वर्षं या खेळातला फक्त मळ ओळखला, ती पन्नाशी उलटल्यावर शाळकरी मुलीसारखी नियम पाठ करत होती. लोक म्हणायचे, काय जोडी आहे! काही म्हणायचे, टीम बाईच चालवते. दोन्ही ऐकून वहिनींना सारखाच घाम फुटायचा. शनिवार जवळ आला की त्यांना जेवण जात नसे.

गेल्या शनिवारी मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला खेळाडूंचा ढीग पडला. एकेक उठला, एक उठेना. पालथा, डोकं आपल्याकडे, पाय तिकडे. क्लबचा औषधपेटीवाला नेमका अलीकडे कुणाच्या तरी कानाला पट्टी बांधत होता. वहिनींनी डोळे ताणले. पाठीवरच्या चिखलातून इंग्रजी आकडा दिसला. "सहा पडलाय," त्या म्हणाल्या. "उठत नाहीये." दादांनी लगेच सहा नंबर बाहेर घेतला. तोवर पडलेला पोरगाही झुलत झुलत उभा राहून गर्दीत मिसळला होता. सामन्यानंतर नऊ नंबर कोसळला, त्याला वहिनींच्याच हॉस्पिटलात नेलं, तेव्हाही त्यांना वाटलं, हा दुसराच कुणी.

सोमवारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या गाठोड्यातून एक जर्सी निघाली. कात्रीने उभी कापलेली. क्लबचीच. वहिनींनी सवयीने ती खालच्या काठाला धरून वर उचलली, तर समोर सहा. अरे, सहा कसा इथे? त्यांनी जर्सी फिरवली, आणि तो नऊ झाला.

अगं बाई! दर आठवड्याला त्या स्वतःच जर्सी दोरीवर उलट्या टांगत, काठाला चिमटे लावून. सव्वीस वर्षं दोरीवर नवाचा सहा होताना त्यांनीच पाहिला होता. ते पोर डोकं आपल्याकडे करून पडलंय, म्हणजे आकडा उलटा दिसणार, एवढं त्यांना कळू नये? त्यांना!

तीन जिने त्या कशा चढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वॉर्डात नऊ नंबर पलंगावर उठून बसला होता आणि चमच्याने पेज खात होता. वहिनींना बघून ओशाळला. "वहिनी, जर्सी कापली हो यांनी. म्हटलं, आता तुमची बोलणी खावी लागणार." डॉक्टरांनी सांगितलं होतं की धोका टळला, पण महिना-दोन महिने खेळ बंद. वहिनींच्या जिवात जीव आला. त्या त्याच्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रडल्या. त्याला वाटलं, जर्सीसाठी रडतायत.

घरी त्यांनी दादांना सगळं सांगितलं. दादांनी डोळ्यांत थेंब घातले. मग म्हणाले, "एक चूक झाली. पुढच्या वेळी नीट बघ."

पुढच्या वेळी. आठवडाभर चादरींच्या घड्या घालताना वहिनींना तेच दोन शब्द ऐकू येत राहिले.

मधल्या शनिवारी सामना नव्हता. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, क्लबात कौल होता. या क्लबात कोचच्या बाबतीत चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. सभासदांनी मैदानात उतरायचं. ठेवायचं म्हणणाऱ्यांनी स्टँडकडच्या अर्ध्या भागात जायचं, बदल हवा म्हणणाऱ्यांनी पाण्याच्या टाकीकडच्या. मध्ये चुन्याची रेघ. ज्याला काढायचं त्याच्यासमोर उभं राहून काढायचं, असा जुना दंडक. कोच रेघेवर उभा.

"तू माझ्या शेजारी थांब," घरून निघताना दादा म्हणाले. "कोण कुठे जातंय ते सांगत राहा."

"मीही सभासद आहे म्हटलं."

"म्हणजे एक मत पक्कं!" दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

अध्यक्षांनी शिट्टी फुंकली. दोनेकशे माणसं गवतावरून इकडेतिकडे चालू लागली. दादा ताठ, नजर सरळ समोर. "सांग," ते ओठ न हलवता म्हणाले.

"पोस्टमास्तर आपल्याकडे. भूगोलाच्या बाई आपल्याकडे. बेकरीवाला तिकडे."

"तो जाणारच. आणि बाकीचे?"

वहिनींनी दोन्हीकडे पाहिलं. स्टँडकडचा घोळका दाट होत चालला होता. चौदा वर्षं आणि दोन करंडक लोक विसरले नव्हते. बोलताना माणसं दात काढतात, पण तोंडावर उभं राहायची वेळ आली की त्यांचे पाय जड होतात.

"आपल्याकडे जास्त आहेत," त्या म्हणाल्या.

"बघ! जिंकतोय आपण." दादांचा आवाज भरून आला. "पुढच्या शनिवारी बघ कशी टीम उतरवतो."

पुढच्या शनिवारी. वहिनींच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो ढीग आला, एक न उठणारा पोरगा, पाठीवरचा चिखल. आणि टॉवेलाआड पुटपुटणाऱ्या आपण. त्यांनी एकदा दादांकडे पाहिलं. मग त्या वळल्या आणि पाण्याच्या टाकीकडे चालू लागल्या.

मैदानात चिडीचूप झालं. ज्याने त्याने जागीच थांबून पाहिलं. दादांना मात्र काही कळलं नाही. ते तसेच समोर बघत शेजारच्या रिकाम्या गवताशी हळू आवाजात बोलत होते. "आणि सहा नंबर? रागावलेला असणार तो. कुठे उभा आहे? अगं, सांग ना. ऐकतेस ना?"

बेकरीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. जे दोन वर्षं कुणाला उमगलं नव्हतं, ते तेवढ्यात सगळ्यांना उमगलं.

"इकडे आहे मी," वहिनी म्हणाल्या.

दादांनी अख्खी मान फिरवली, शोधत शोधत. "तिकडे कशाला गेलीस?"

"अहो, तुम्हाला दिसत नाही आणि मला खेळ कळत नाही!" वहिनींचा आवाज टाकीपासून स्टँडपर्यंत पोचत होता. "आपण दोघांनी मिळून त्या पोराचा जीव घेतला असता. सहा मी म्हटलं होतं. यांची नाही, चूक माझी आहे. मला आता नाही जमत हो. मला भीती वाटते."

 दादांनी चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला. मग अध्यक्षांना विचारलं, "कोचला मत असतं का?"

"सभासद आहात. असणारच."

"मग कुणी हात देऊ नका." आणि वहिनींच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "तू बोलत राहा."

"सरळ या," वहिनी म्हणाल्या. "थोडं उजवीकडे. हं, बास. आता सरळ." त्यांचे डोळे वाहत होते, आणि बोलता बोलता त्यांना कळलं की छातीवरचं दोन वर्षांचं ओझं उतरतंय. दादा रेघ ओलांडून आले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले.

मग स्टँडकडचा घोळका हलला. एकेक करत सगळे टाकीकडे आले. सहा नंबरही आला आणि दादांचा खांदा दाबून उभा राहिला. पलीकडच्या अर्ध्या मैदानात एकटे पोस्टमास्तर उरले.

"मास्तर, या की!" बेकरीवाला ओरडला.

"मी नाही येणार," पोस्टमास्तर म्हणाले. "एक मत त्यांच्या बाजूने पडलं होतं, हे राहू दे लिहिलेलं."

त्या दुपारी दादा जेवले आणि जे झोपले ते पाच वाजता उठले. चहा घेताना म्हणाले, "मला वाटायचं, घरी बसायची भीती वाटते. पण तसं नव्हतं गं. शनिवारची भीती वाटत होती. आता केवढं हलकं वाटतंय."  वहिनींनी आणखी अर्धा कप चहा ओतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा चवीने प्यायल्या.

पुढच्या शनिवारचा सामना नव्या कोचचा. दोघांनी तो स्टँडमध्ये बसून पाहिला. क्लब हरला तो हरलाच. वहिनी खारे दाणे खात पंचाला मनसोक्त शिव्या देत होत्या, आणि आकड्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जर्सी वाळत घातल्या. या वेळी सरळ, खांद्यांना चिमटे लावून. दादा शेजारी उभे राहून एकेक चिमटा हातात देत होते. एका जर्सीपाशी ते थांबले. ती नवी कोरी होती, अजून कुणी न घातलेली. त्यांनी पाठीवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं, वरचा गोल, मग खाली उतरणारी शेपटी.

"नऊ," ते म्हणाले.

"नऊच," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या चिमट्यासाठी हात पुढे केला.