हिबाक, एवढंच

"मी हिबाक. आता बातम्या ऐका."

किती वर्षं झाली, पण तो आवाज माझ्या जाळीत अजून घुमतो. कोवळा, जरासा घाबरलेला. आणि त्याच्या मागोमाग बुरओ गावच्या बाजारातल्या चहाच्या टपरीत उठलेली ती कुजबूज: "नुसती हिबाक? बापाचं नाव नाही, आजोबाचं नाही? काहीतरी लपवतेय बया."

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. समुद्रापलीकडच्या कारखान्यात जन्मलो, बेरबेरा बंदरात उतरलो. इथल्या एका चांभाराने मला उंटाच्या चामड्याचं कवच शिवलं, आणि दाहाबोच्या टपरीत मी खांबाला टांगला गेलो. दाहाबो लढाईत घर गमावून आलेली विधवा. तिचा नवरा इथल्याच कुळातला, म्हणून कुळाने तिला टपरीपुरती जागा दिली. मुलाबाळांचं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "अल्लाने दिलं, अल्लाने दूर नेलं." लोक काय समजायचं ते समजले.

असरची, दुपार कलतानाची नमाज झाली की माणसं जमत. पुढे उंटांचा दलाल लंगडा दिरिये, त्याच्या शेजारी ट्रक चालवणारा कोशिन. लंडनहून आमच्या भाषेतल्या बातम्या लागत. बातमी खरी की खोटी हे आमच्याकडे नंतर. आधी सांगणारा कुणाचा, ते बोला. स्वतःचं नाव, बापाचं, आजोबाचं, असं चढत चढत माणूस मूळ पुरुषापर्यंत पोचला की मग त्याच्या शब्दाला वजन. आणि ही पोरगी आपल्याच नावाशी थांबत होती.

"दुष्काळाचं सांगताना पश्चिमेकडच्यांचं नाव आधी घेतलं," दिरिये डोळे बारीक करी. "त्यांचीच आहे."

"काल तर तू तिला दक्षिणेची केली होतीस," कोशिन म्हणे.

"काल काल होतं. तू चहा पी."

आवाज मात्र पिकत गेला. तो नैरोबीहून बोलला. निर्वासितांच्या छावण्यांतून बोलला, मागे वारा आणि रडणारी लेकरं घेऊन. पुढे एके वर्षी तोच आवाज साऱ्या जगासाठी इंग्रजीतही बोलू लागला. कोशिनची छाती फुगली. दिरिये म्हणाला, "झालं! आता आपली भांडणं गोऱ्यांच्या ओसरीवर."

संशय मलाही होता. माझ्याच पोटातून बोलणारी ही कोण? पण त्याहून जास्त संशय दाहाबोचा. सगळी टपरी हिबाकचं कूळ हुडकण्यात गुंग आणि ही एकटी गप्प. तो आवाज लागला की तिचा हात किटलीवर थांबे, वेलदोडे घालायचे राहून जात. गिऱ्हाइकं उठून गेली की ती ओढणीच्या टोकाने माझी जाळी पुसे आणि गुणगुणे:

माळाच्या पल्याड गं
वाजे घंटा लाकडाची,
नाव कुणा सांगू,
सांडणी ती माझ्या घरची

मला वाटे, ही कुणाची तरी हेर असावी.

मग त्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावरून दोन कुळांत गोळ्या चालल्या. दिरियेचा पुतण्या तिथे मेला. संध्याकाळी हिबाकने सांगितलं, पहिली गोळी सुटली ती आमच्याच बाजूने. दिरिये उठला. त्याची काठी माझ्यावर पडली. कवच फाटलं, काटा मोडला.

"वैऱ्याची जीभ आहे ही! पुन्हा लावलास तर टपरी मोडीन, दाहाबो."

दाहाबोने मला फडक्यात गुंडाळून साखरेच्या पोत्यामागे ठेवलं. मित्रांनो, काठी एकदाच लागली. मुकेपण रोज लागत होतं. धूळ आत शिरली, मुंग्यांनी माझ्या पोटात वाटा पाडल्या.

आणि एके दुपारी फडक्यातूनच ऐकलं, "मावशी, चहा मिळेल?"

तोच आवाज! पण आता तो माझ्या जाळीतून आला नव्हता. फडक्याच्या फटीतून दिसलं, हिबाक समोर उभी होती, खांद्याला आवाज टिपायचं यंत्र. विहिरीची हकीकत तिला दोन्ही बाजूंनी ऐकायची होती. पलीकडचे सगळं बोलले होते. इकडचं कुणी बोललं नाही, तर दिरियेच्या पुतण्याचं नाव जगात कुणी घेणार नव्हतं.

दाहाबोने मान वर केली नाही. न विचारताच तिने धुरी दिलेल्या भांड्यातलं उंटिणीचं दूध ओतलं, साखर दुप्पट घातली.

"आधी आजोबांची नावं घे," दिरिये म्हणाला. "मग बोलू."

"काका, नावं घेतली की तुम्ही नावंच ऐकाल. माझं कोण ऐकेल?"

"मग ऊठ. चोरट्या बाईशी मी माझ्या मेलेल्या पुतण्याबद्दल बोलू?"

हिबाकने चहा तसाच ठेवला. यंत्राचा पट्टा खांद्यावर घेतला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना धुळीपासून जपा, अडगळीत टाकू नका. आणि कुणी काही सांगू लागलं तर आधी त्याचं सांगणं ऐका, पूर्ण नाव मागाहून विचारा. हे मी त्या दुपारी शिकलो. कारण तेवढ्यात पोतं सरकलं, दाहाबोने मला बाहेर काढलं आणि दिरियेच्या पुढ्यात ठेवलं.

"बस, दिरिये. नावं तिला येत नाहीत असं नाही. लहानपणी मीच पाठ करून घेतलीत. चढत जा, सहाव्या नावावर तुझं आणि तिचं घर एक आहे. माझी लेक आहे ती. लढाईत माझ्या बहिणीबरोबर दूर पाठवली होती. तिचं सांगणं कुळावरून कुणी तोलू नये म्हणून आम्ही दोघींनी हे नातं झाकलं." तिने ओढणीने माझी जाळी पुसली. "पहिली गोळी आपली, हे तिने आपल्याच घराबद्दल सांगितलं. आता सांग, कुणाची जीभ आहे ती?"

किटली उकळत होती.

दिरियेने आपल्या काठीकडे पाहिलं, मग माझ्या फाटलेल्या कवचावरून बोट फिरवलं. हिबाकने हळूच यंत्र सुरू केलं.

"गुलेद त्याचं नाव," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. पहिली गोळी त्यानेच झाडली, पोरी. मला ठाऊक होतं."