माझं बूच काकांच्या खिशात

मी सात नंबरची होडी बोलतेय. मध्ये बोलू नका. आजवर मीच तुमचं ऐकत आलेय.

या तळ्याकाठच्या उद्यानातच एका सुताराने मला घडवलं. तळाला अंगठ्याएवढं भोक त्यानं मुद्दाम ठेवलं. होडीवाले काका संध्याकाळी मला काठावर ओढतात, भोकाचं बूच काढतात, आत साचलेलं पाणी निघून जातं. बूच त्यांच्या शर्टाच्या खिशात. सकाळी ते ठोकून बसवतात, मगच मी पाण्यात. पंधरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

आणि तुम्ही? शांतता हवी म्हणून येता, नि होडीत पाय ठेवायच्या आत गाणी लावता. बदकं बिचारी पलीकडच्या काठाला पळतात. फोटोसाठी मधोमध उभे राहता. एकाने तर माझ्या फळीवर खिळ्याने बायकोचं नाव कोरलं. टोचलं मला, कौतुक तिचं!

हेही सोसलं असतं. पण त्या सकाळी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, त्यांची लहान मुलगी आणि बायकोची आई. काका अजून यायचे होते.

"जावईबापू, होडीवाल्याला येऊ द्या," आजी म्हणाल्या.

"आई, होडीला काय ड्रायव्हर लागतो?" असं म्हणत जावयाने दोर सोडलासुद्धा.

मुलगी वाकून बघत होती. "बाबा, हे भोक कसलं?"

"ते हवेसाठी असतं."

हवेसाठी! मला काय नाक आहे?

सगळ्यांना बसवून त्यानं मला पाण्यात ढकललं. वीस हात गेलो नाही तोवर मुलीचे बूट भिजले. "होडीत थोडं पाणी असतंच," जावई म्हणाला. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा मात्र तो उभा राहून ओरडायला लागला, आणि मी अशी कलले की मुलगी पडता पडता राहिली. आजींनी एका हातानं नातीला धरलं, दुसऱ्या हातानं जावयाच्या डोक्यावरची नवीकोरी टोपी ओढली आणि माझ्या भोकात कोंबली.

"आई, माझी टोपी!"

"डोक्याला उपयोग नव्हता, इथे तरी होऊ दे. खाली बसा!"

तेवढ्यात काका आले. छातीभर पाण्यात उतरून त्यांनी दोर धरला आणि आम्हाला काठाला आणलं. जमिनीवर पाय टेकताच जावयाला कंठ फुटला, "होडी गळकी आहे तुमची!"

काकांनी खिशातलं बूच काढून दाखवलं. पण उद्यानाच्या साहेबांनी ते पाहिलंही नाही. "सात नंबर गळकी" असं कागदावर लिहून मोकळे. मला फाटकाशी ठेवायचं, माझ्यात माती भरायची आणि फुलझाडं लावायची, असं ठरलं. मातीची पोतीही येऊन पडली. काका रोज येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. मला मातीत जायचं नव्हतं हो! मी पाण्याची आहे.

चौथ्या दिवशी त्या आजी आल्या. एकट्या. थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"होडीत दोष नाही. दोष आमच्या जावयात आहे. तो तुम्ही कागदावर लिहिला नाहीत."

"अहो बाई, एकदा गळकी लिहिलं की..."

"मग चला. तुम्ही, मी आणि काका. बुडालो तर तिघं बुडू."

काकांनी बूच ठोकलं. तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन आलो. साहेब सगळा वेळ तळाकडे डोळे लावून बसले होते. त्यांचे मोजेसुद्धा कोरडे राहिले.

उतरल्यावर त्यांनी कागद मागवला, पेन चावलं आणि लिहिलं, "सात नंबर दुरुस्त केली."

दुरुस्त? कुणी केली? मला झालं काय होतं?

असो. मी पुन्हा पाण्यात आहे. पोती फाटकाशी तशीच पडलीयेत, येता-जाता मला दिसतात. तुम्हीही या, खुशाल या. पण माझ्या दोराला हात लावण्याआधी काकांना हाक मारा. माझा जीव त्यांच्या खिशात असतो, आणि बसलात की तुमचाही.